उताणा पाणसाप

उर्शुलेच्या तिसऱ्या बाळासाठी मी मौन धरलं होतं. रोज दुपारी चर्चची बाराची घंटा झाली की तीनची होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, आणि हे बाळ चर्चमध्ये नेऊन त्याचा बाप्तिस्मा होईपर्यंत पाळायचं. आधीची दोन्ही बाळं जन्मली त्याच दिवशी गेली होती. त्यांच्या कपाळाला पाणी लावलं ते घरातच, घाईघाईनं, रडत.

नेम कुणासाठी आहे ते फक्त पाद्रीबाबांना ठाऊक होतं. घरच्यांना वाटायचं, पेत्रोनेले, म्हणजे मी, आधीच भक्तीण, रोजच्या तीन माळा, शुक्रवारी दूध-लोणी नाही, त्यात हे आणखी एक. माझा धाकटा भाऊ विन्सेंतस म्हणायचा, "आमच्या अक्काचं बोलणं कुठं संपतं नि मौन कुठं सुरू होतं, ते कान लावल्याशिवाय कळत नाही." उर्शुले त्याची बायको. नेमुनस नदीच्या पलीकडून आमच्या तळ्याकाठच्या घरात आलेली, हसरी, चटपटीत पोर. दुसरं बाळ गेल्यापासून मात्र ती चालताना भिंतीला हात लावून चालायची, जणू भिंतच सरकेल.

त्या जुलैत तिला सातवा महिना होता. मी वेदीवरची फुलं बदलून घरी निघाले आणि वाटेतच बाराची घंटा झाली. मी क्रूस काढला, तोंड मिटलं, नि फाटकातून आत आले.

सफरचंदाच्या झाडाखाली शेजारची बार्बोरामावशी पायानं माती दाबत होती. गावातली अर्धी माणसं तिच्या हातांनी जगात आलेली, त्यामुळे कुणालाही काहीही बोलायचा हक्क तिच्याकडे आपसूक होता. मातीवर एक सपाट धोंडा ठेवलेला, बाजूला सतापाच्या, त्या उग्र वासाच्या झुडपाच्या, तोडलेल्या फांद्या. उर्शुले चुलीजवळच्या राखेसारखी पांढरी होऊन उभी होती.

"आलीस का भक्तिणी?" बार्बोरा म्हणाली. "उशिरा आलीस ते बरंच झालं. नाहीतर सापाला मूठमाती दिली म्हणून आम्हा दोघींना पाद्रीबाबांपुढं उभं केलं असतंस."

मी भुवया उचलल्या. दुपारी मी एवढंच करू शकत होते.

"वन्सं, मी मारला त्याला," उर्शुले म्हणाली. "झल्तिसला. घरच्याच."

झल्तिस म्हणजे आमचा पाणसाप. आमच्या लिथुआनियात तळ्याकाठच्या प्रत्येक गोठ्यामागं एखादा असतोच. अंगानं काळपट राखाडी, डोक्यामागं दोन्ही बाजूंना पिवळी चंद्रकोर. विष नाही. दात आहेत ते बेडूक घट्ट धरण्यापुरते. डोकं वर काढून असा पोहतो की पाण्यावर कुणी काळी रेघ ओढत चाललंय असं वाटावं. पण जुन्या माणसांच्या लेखी तो नुसता साप नसतो, घराचं बरंवाईट त्याच्यापाशी असतं. आमची आई त्याच्यासाठी गोठ्याच्या उंबऱ्यावर दुधाची वाटी ठेवायची. वाटी रोज रिकामी व्हायची आणि मांजर रोज जाड व्हायचं. पाद्रीबाबा वर्षातून एकदा या वाट्यांवर प्रवचन द्यायचे, आणि त्या दिवशी घरी गेल्यावर बायका वाटी थोडी आडोशाला सरकवायच्या.

मी प्रार्थना करते ती मरियामातेची. पण सापाला काठी मारावी असंही मला कधी वाटलेलं नाही.

"शेंगांची टरफलं टाकायला उकिरड्यावर गेले," उर्शुले सांगत होती, शब्द एकमेकांवर आपटत होते. "पायाशीच फुसकारलं. मला वाटलं तो दुसरा, नागमोडी पाठीचा, विषारी. हातात फावडं होतं, घातलं. मग पिवळं दिसलं, वन्सं. तोवर तो मेला होता. तोंड वासलेलं, जीभ बाहेर, ओठाला रक्त. आणि हा वास बघा, तीनदा राखेनं हात धुतले तरी जात नाही."

तिनं हात पुढं केले. नासका लसूण आणि सडका मासा एकत्र कुटावा तसा वास होता.

"मी म्हटलं, रडणं मागाहून," बार्बोरा म्हणाली. "मेलेला झल्तिस सूर्याला दिसला तर सूर्य रडतो. आधी त्याला मातीआड कर. खड्डा खणला, सताप घातला, माणसासारखं सगळं केलं. पण हा कसला मेला! नीट पालथा ठेवला तर हा आपला उताणा. पुन्हा पालथा केला. पुन्हा उताणा, पोट आभाळाकडे! माझ्या आजोबांनी एक पुरला होता, तो असं वागला नव्हता. हा मनात धरून गेलाय. म्हणून तर वर धोंडा."

उर्शुलेनं दोन्ही हात पोटावर धरले. "माझ्यावर धरून गेलाय," ती म्हणाली. "म्हणजे हेही बाळ जाणार."

मला एकदम माझं लहानपण आठवलं. तळ्याच्या कडेला गाई राखताना मी एक पाणसाप शेपटीला धरून उचलला होता. तो असाच घाणेरडा वास सोडून लोळागोळा झाला होता. मी त्याला गवतावर सरळ ठेवायची, तो घाईघाईनं उताणा व्हायचा. मेलेल्यानं कसं पडावं हे त्याचं ठरलेलं होतं आणि मी ते बिघडवत होते. शेवटी मी लांब जाऊन बसले, तेव्हा त्यानं एक डोळा जगाकडे लावून अंदाज घेतला नि सरळ पाण्यात गेला.

मेलेला कूस कशी बदलेल? एवढी साधी गोष्ट त्या दोघींना सुचली नव्हती, कारण दोघी त्याच्याकडे साप म्हणून बघतच नव्हत्या.

माझ्या ओठांवर शब्द आले. मी दात दाबून धरले. जे मौन या बाळासाठी, ते याच बाळाच्या आईसमोर मोडायचं? मी गुडघ्यांवर बसले, धोंडा ढकलला आणि हातांनी माती उपसायला लागले.

"अगं, अगं!" बार्बोरा ओरडली. "काय करतेस? उर्शुले, बघ तुझी नणंद! मेलेल्याला उकरतेय! कुत्र्यांपुढं टाकणार असेल. यांना देव हवा तर आमच्या सापाला मातीसुद्धा मिळू नये होय गं?"

मी मान जोरात हलवली. नाही, नाही. बोटं मातीत, मातीतून सतापात. माझी नखं फुलांनी आधीच हिरवी झालेली होती, आता काळी झाली.

"वन्सं, नको!" उर्शुलेनं माझा खांदा धरला. "त्याला राग आलाय, आणखी नका चिडवू. तुमच्या पाया पडते."

सापाचं अंग हाताला लागलं. थंडगार. मी त्याला दोन्ही हातांनी वर काढलं, ओल्या दोरासारखं ते दोन्हीकडे लोंबलं. मधे मात्र जाडी होती, पोटात गुठळ्या गुठळ्या. तो नव्हताच तो. अंड्यांनी भरलेली मादी होती. ऊब शोधत उकिरड्यात आली होती, दरवर्षी येतात तशी.

मी तिला उन्हात ठेवलं.

"सूर्यापुढं!" बार्बोरानं डोक्यावरचा रुमाल डोळ्यांवर ओढला. "आता मला काही विचारू नका."

मी तिला पालथं केलं आणि वाट पाहिली. ती पडून राहिली. शेपटीजवळ फावड्याचा फटका दिसत होता, दोन खवले उलटलेले. ऊन अंगावर चढत होतं, एक माशी तिच्या डोक्यावर बसली, उठली, पुन्हा बसली. ती हलली नाही. सरळ ठेवली तशी सरळ. माझ्या मनात आलं, खरंच मेली असेल आता. मातीखाली गुदमरून. म्हणजे मारली फावड्यानं नाही, पुरून मारली. आणि हे मी उर्शुलेला कसं सांगणार, आणि का सांगणार. मी माळ हातात घेतली पण एक मणी पुढं सरकेना.

मग लोंबलेली जीभ आत गेली. तेवढंच. आणि थोड्या वेळानं, अगदी आळसानं, जणू कुणी झोपेतून उठवल्यावर कुरकुरावं तशी, ती वळली आणि उताणी झाली. तोंड पुन्हा वासलं.

मला हसूच आलं असतं. पण उर्शुले किंचाळली.

"बघा! पुन्हा! तो मला सोडणार नाही!" ती मागं सरली, झाडाच्या मुळाला पाय अडकला, बार्बोरानं कशीबशी धरली म्हणून पडली नाही. ती खाली बसली, पोटाला मिठी मारून पुढं-मागं डुलायला लागली. तिचे ओठ निळे दिसत होते. "दुखतंय," ती म्हणाली. "वन्सं, दुखतंय."

तीनची घंटा अजून लांब होती.

"उर्शुले," मी म्हणाले. "जिवंत आहे ती."

बार्बोराच्या डोळ्यांवरचा रुमाल वर गेला.

"मेलेलं कूस बदलतं का कधी? सोंग करतेय. घाबरली की असंच करतात. मला, करकोच्याला, तुला, सगळ्यांना फसवतात. आणि त्यांना वाटतं मेलेल्यानं उताणंच असावं लागतं, म्हणून सरळ केलं की पुन्हा वळतात. बघ, हे बघ." मी तिला पालथं केलं. ती वळली. पुन्हा केलं. पुन्हा वळली. या वेळी जरा रागानं, असं मला वाटलं. "पोटात अंडी आहेत हिच्या. तुझ्यासारखीच आहे. आता आपण जरा मागं सरू, म्हणजे बिचारी आपलं काम बघेल."

आम्ही तिघी गोठ्याच्या भिंतीपर्यंत मागं सरलो. साप पडून राहिला. मग डोकं उलटलं, मान उचलली गेली, पिवळी चंद्रकोर उन्हात चमकली आणि अख्खं अंग एका झोकात सरळ होऊन खाजऱ्या पाल्याच्या झुडपांतून उकिरड्याकडे निघून गेलं.

उर्शुले हसायला लागली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि हसतेय. "मावशी, तुम्ही सताप घातला होतात तिला," ती म्हणाली. "नि वर धोंडा!"

"मग? चुकलं काय?" बार्बोरा म्हणाली. "मी मेले असते तर मला आवडलं असतं असं पुरलेलं."

पोटातली कळ निघून गेली होती. उर्शुलेनं डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. "वन्सं," ती हळूच म्हणाली, "तुम्ही बोललात. तीन कुठं वाजलेत?"

मी काही बोलले नाही. मोडलेलं मौन पुन्हा धरता येतं का, ते मला माहीत नव्हतं, तरी धरलं.

त्या दिवसापासून उर्शुले जेवायला लागली. काळी भाकर, आंबट साय, बटाटे, मागून घ्यायची. विन्सेंतसनं शपथ घेतली की पानगळीपर्यंत उकिरड्याला दाताळं लावणार नाही. आणि मला झोप लागेना.

मी पाद्रीबाबांकडे जाऊन पापनिवेदन केलं. जाळीपलीकडे ते पुढं वाकले. मग म्हणाले, "खरंच दोनदा वळला?"

"पाच-सहादा, बाबा."

"हं. एक 'आमच्या स्वर्गीय पित्या' म्हण. पुरे."

"बाबा, मी म्हणते, आता संध्याकाळच्या घंटेपर्यंत गप्प राहावं. म्हणजे भरून निघेल."

"अजिबात नाही," ते म्हणाले. "होतं तेवढंच ठेव. जास्त गप्प राहिलीस तर तुझ्या घरचे मला शिव्या देतील."

त्यांनी चेष्टा केली, पण माझी भरपाईची वाट बंद झाली. एक शब्द नाही, मी किती शब्द बोलले होते! करकोच्यापर्यंत बोलले होते. उर्शुलेनं आपलं बाळ सापावर सोपवलं होतं आणि तो साप जिवंत होता. मी सोपवलं होतं मौनावर. आम्हा दोघींत शहाणी कोण, हे मी स्वतःला विचारायचं टाळत होते. सापाला बाळाचं काय कळतं, हे मी तिला चटकन सांगितलं असतं. देव असा घंटेवर बोट ठेवून बसलेला असतो का, हे मात्र मला माझं सांगता येत नव्हतं. माळ ओढताना मधेच मी मणी विसरायची. पहिल्यापासून सुरू करायची.

त्यात तो करकोचा. गोठ्याच्या छपरावर गाडीचं जुनं चाक बसवलंय, त्यावर त्याचं घरटं. आशीर्वादाचा पक्षी, त्याला कुणी दगड मारत नाही. आणि त्याला पाणसापाइतकं दुसरं काही आवडत नाही. तो उकिरड्याजवळ लांब पाय टाकत फिरायला लागला की मी भाजी चिरायची सोडून जायची आणि त्याच्या नि उकिरड्याच्या मधून चालायची. तो डावीकडे वळला की मी डावीकडे. विन्सेंतस दारातून म्हणायचा, "अक्का, त्याला नाचायला बोलावलंयस की त्यानं तुला?"

"गप रे," मी म्हणायची. बारा वाजून गेले असले तर तेही नाही.

"वन्सं, दिसली का आज?" उर्शुले रोज विचारायची.

आधी दिसायची. मग एकदा उकिरड्याच्या उबदार बाजूला मी थोडं गवत बाजूला केलं तर आत अंडी. पांढरी, मऊ कातड्याची, एकमेकांना चिकटलेली, माळेसारखी. एकीची नव्हती, दोघी-तिघींनी मिळून घातली असावीत, एवढी होती. मी गवत पुन्हा झाकलं. त्यानंतर ती दिसली नाही. पाणसापीण अंडी घालते आणि तळ्यावर निघून जाते, मागं वळून बघत नाही. सडणाऱ्या शेणाची ऊब काय ती त्यांची आई.

"दिसली का?"

"नाही."

"काल पण नाही?"

"उर्शुले, तिचं काम झालं. पाण्यावर गेली असेल."

"की करकोच्यानं..."

खोटं बोलणं मला जमत नाही. म्हणून मी तळ्याच्या काठानं हिंडायला लागले. लव्हाळ्यात, दगडांत, उन्हात तापलेल्या ओंडक्यांवर. साप दिसले, दोन-तीन, पण ती कुठली हे कसं कळावं? मग गोठ्याच्या मागच्या भिंतीला, दगडांच्या फटीत, मला कात सापडली. अख्खी, ओठांपासून उलटलेली, डोळ्यांवरच्या काचांसकट. शेपटीजवळ दोन खवल्यांची रेघ चुकलेली.

मी ती ओंजळीत घेऊन आले. उर्शुलेनं बोट लावून बघितलं. "जुना सदरा टाकून गेली म्हणायची," ती म्हणाली, आणि कात उशाखाली ठेवली. पाद्रीबाबांना मी हे सांगितलं नाही. ते विचारणारही नव्हते.

ऑगस्ट सरताना करकोचे गेले. घरटं रिकामं झालं नि मला वाटलं, आता तरी जीव थाऱ्यावर येईल. आला नाही. आता नजर ठेवायला काही उरलं नव्हतं, उरलं ते फक्त उर्शुलेचं पोट.

सप्टेंबरात, मरियामातेच्या जन्मदिवसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिला कळा लागल्या. बार्बोरा आली, बाह्या वर केल्या, विन्सेंतसला सरपण फोडायला घालवलं. बाराची घंटा झाली तेव्हा मी गरम पाणी ओतत होते. मी तोंड मिटलं. बार्बोराला खुणांची सवय झाली होती. ती बोट दाखवायची, मी आणून द्यायची. आत उर्शुले ओरडत होती, बाहेर कुऱ्हाड पडत होती, आणि मी मनात मनात नमो मरिया म्हणत होते, पण तेही धड पुरं होत नव्हतं.

मुलगी झाली. निळसर, लोळागोळा. तोंड उघडं.

बार्बोरानं तिच्या पायांना चापट्या मारल्या. नाकातोंडातलं पुसलं. पुन्हा चापट्या. मग तिनं तिला फडक्यावर ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पाणी घे, पेत्रोनेले. बाप्तिस्मा दे. तुझ्या तोंडून शोभेल."

तिसऱ्यांदा. याच खोलीत. मी वाटीत पाणी घेतलं. पाणी काठावरून सांडत होतं. ते शब्द मोठ्यानं म्हणावे लागतात.

"कूस बदला तिची," उर्शुले म्हणाली.

आम्हा दोघींना वाटलं, ती भ्रमात बोलतेय. ती कोपरावर उठली होती, केस चेहऱ्याला चिकटलेले. "वन्सं, पालथी करा तिला. बघा वळते का."

मी वाटी खाली ठेवली. मुलीला हातावर पालथं घेतलं, डोकं खाली, नि पाठ चोळली. मानेपासून खाली, मानेपासून खाली. काही नाही. उलटी केली. चेहरा तसाच.

"पुन्हा," उर्शुले म्हणाली.

पुन्हा पालथी केली. पाठ चोळली. माझे ओठ उघडले होते, शब्द जिभेवर आले होते, मी तुला बाप्तिस्मा... तेवढ्यात माझ्या तळहातावर काहीतरी ओलं पडलं. तिनं शिंकल्यासारखं केलं. मग एक बारीक, चिडका आवाज आला. मग मोठा. मग इतका मोठा की बाहेर कुऱ्हाड थांबली.

"सोंगाडी!" बार्बोरा म्हणाली आणि खाली बसून हुंदके देऊन रडली.

मी एक शब्दही बोलले नाही. वाटीतलं पाणी कुणी सांडलं, तीनची घंटा कधी झाली, मला काही ठाऊक नाही.

बाप्तिस्मा रविवारी ठरला. तोवर नेम चालूच होता, आणि माझ्या फेऱ्याही. पाळण्यात डोकावायची, चुलीकडे जायची, पुन्हा येऊन श्वास ऐकायची. शनिवारी दुपारी मी उकिरड्याकडे गेले तर आतलं गवत हलत होतं. अंडी फाटली होती. वीतभर लांबीची पिल्लं, पेन्सिलीहून बारीक, प्रत्येकाच्या मानेला ताजी पिवळी चंद्रकोर, एकेक करून शेणातून बाहेर पडत होती आणि तळ्याच्या दिशेनं निघत होती. बार्बोरानं कुंपणापलीकडून दुधाची वाटी आधीच ठेवलेली, आणि मांजर तीत तोंड घालून बसलेलं.

मी एक पिल्लू उचललं. लगेच तो ओळखीचा वास, लगेच तोंड वासून मेलं.

खिडकी उघडली. उर्शुले बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती. "वन्सं!" तिनं हाक मारली, आवाजात तीच जुनी भीती. "हातात काय आहे? जिवंत आहे ना?"

बारा वाजून गेले होते. मी तळहात तिच्या दिशेनं उंच धरला, पिल्लाला एका बोटानं हलकेच पालथं केलं, आणि आम्ही दोघी वाट बघत राहिलो.

ते वळलं.